परसबाग फुलते, पण भाजी ताटात येत नाही

पत्र: आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते पाचवी, पट ५२. अकोले तालुक्यातली डोंगराळ वाडी. तीन वर्षं परसबाग करतोय. जूनमध्ये उत्साहाने बारा वाफे पाडतो आणि मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर असं सगळं लावतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन बघावं तर अर्धं वाळलेलं, अर्धं शेळ्यांनी फस्त केलेलं. जे हाती लागतं ते खिचडीत टाकलं तर मुलं पानं वेचून ताटाच्या कडेला ठेवतात. जीवनसत्त्वांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे, पेपरात बरोबर लिहितात, पण खात नाहीत. त्यात एक पालक म्हणाले, ‘शेतीच शिकवायची तर पोरगं शाळेत कशाला धाडू?’ यंदा पुन्हा सुरुवात करायची आहे. कशी करू?
— एक शिक्षिका

उत्तर:

ताई, तुमच्या बागेत दोष मुलांचा नाही आणि मातीचाही नाही. बाग मोठी आहे, एकाच वेळी पेरलेली आहे आणि स्वयंपाकाच्या पातेल्याशी तिचा हिशोब कधी जुळवलेला नाही. तो आधी जुळवू.

पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलं आहे. ५२ मुलांना रोज २ किलो ६०० ग्रॅम भाजी लागते. दहा फूट बाय तीन फुटांच्या एका वाफ्यात मेथी किंवा पालक नीट आला तर साधारण दोन ते तीन किलो निघतो. म्हणजे एक वाफा म्हणजे एका दिवसाची भाजी. बारा वाफे एकाच आठवड्यात पेरले की एकाच आठवड्यात तयार होतात. तीन-चार दिवस भाजीच भाजी, उरलेली निबर होऊन फुलोऱ्यावर जाते, आणि पुढचे दोन महिने काहीच नाही. शाळेच्या बागेतून रोजची भाजी निघेल ही अपेक्षाच सोडा. आठवड्यातून एक दिवस हक्काची ताजी पालेभाजी, आणि इतर दिवशी कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, शेवग्याचा पाला, एवढं साधलं तरी खूप झालं.

त्यासाठी पाच वाफे करा, सहावा नको. दर सोमवारी एकच वाफा पेरायचा. पेरणीपासून काढणीपर्यंत पालेभाजीला तीस ते पस्तीस दिवस लागतात, म्हणजे पाचवा वाफा पेरून झाला की पुढच्या आठवड्यात पहिला काढायला येतो. तो काढा, एक घमेलं शेणखत मिसळा आणि लगेच पुन्हा पेरा, फक्त पीक बदलून. मेथीनंतर माठ, माठानंतर पालक.

पाचच का, याचं दुसरं कारण पाणी. थंडीत अशा एका वाफ्याला दिवसाला १२ ते १५ लिटर पाणी लागतं, पाच वाफ्यांना ६० ते ७५. एक मूल जेवणाआधी आणि नंतर हात धुताना मिळून लिटरभर पाणी वापरतं, ५२ मुलांचे झाले साधारण ५० लिटर. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी आणखी १५-२० लिटर. एवढ्यात पाच वाफे जगतात. बारा वाफ्यांना दीडशे लिटरच्या वर लागतं, आणि विहीर खाली गेली की तेवढं पाणी डोक्यावरून कोण आणणार? तुमची बाग इथेच वाळते. हात धुण्याच्या पाण्याला खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून वाट द्या आणि ते वाफ्याच्या सरीत सोडा, पानांवर ओतू नका. भांडी घासलेलं पावडरीचं, तेलकट पाणी मात्र वाफ्याला घालायचं नाही. ते केळी-पपईच्या आळ्याकडे वळवा. वाफ्यावर वाळलेल्या गवताचं किंवा भाताच्या पेंढ्याचं बोटभर आच्छादन घातलं की पाणी आणखी कमी लागतं.

आता पेरणीची वेळ. तुमच्याकडच्या जून-जुलैच्या पावसात मेथी-कोथिंबीर पेरणं म्हणजे बी वाया घालवणं. रोप उगवतं आणि मुळाशी कुजतं. पालेभाज्यांचा फेरा ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस ओसरू लागला की सुरू करा. जूनमध्ये लावायचं ते कुंपणाला आणि कडेला: घेवडा, लाल भोपळा, दोडका, चार शेवगे, दोन पपया, एक लिंबू, एक कढीपत्ता, सांडपाण्याच्या चरीत अळू. टोमॅटो आणि फ्लॉवर सोडून द्या. फ्लॉवर तीन महिने जागा अडवतो, एका रोपाला एकच गड्डा देतो आणि अळ्यांना आवडतो. फोटोत छान दिसतो, एवढंच.

घेवड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो तुमच्याच मातीतला आहे. जुने गावठी वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. जूनमध्ये कुंपणाला लावलेला वेल पावसाळाभर नुसता वाढतो, आणि दिवाळीनंतर, म्हणजे तुमची बाग ओस पडते तेव्हा, जमिनीतल्या ओलीवर शेंगा देऊ लागतो. सुट्टीतही त्याला फारसं कुणी बघावं लागत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण जपले, त्यांना पद्मश्री मिळाली, हे मुलांना जरूर सांगा. आणि बियाणं विकत आणू नका. ‘शेतीच शिकवायची तर’ म्हणणाऱ्या त्या पालकांकडेच मूठभर घेवडा मागा. त्यांच्या घरात उतरंडीला किंवा राखेच्या डब्यात असेलच. मागायला गेलात की बोलणं होईल, आणि त्यांचं उत्तरही तिथेच देता येईल. त्यावर पुढे लिहितो.

दुकानातून आणलेलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. असं बी मुलांच्या हाती देऊच नका. पाकिटावर ‘विषारी’ असं लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण. पालेभाजीचं बी साधं, प्रक्रिया न केलेलं मागून घ्या.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी बसून दुसरीतल्या मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर मुलं वाफ्यात पाय देतात आणि माती दाबली जाते. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच करा. शाळेचं आवार मुरमाड असेल तर फूटभर खणून मुरूम बाजूला काढा, शेताची माती भरा आणि पहिल्यांदा तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कुजलेलं कसं ओळखायचं? हातात घेतलं तर भुसभुशीत, वास मातीचा. गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर अजून महिनाभर ठेवा.

एका वाफ्याला मेथी २५ ते ३० ग्रॅम, पालक १० ग्रॅम, धणे २० ग्रॅम, माठ ३ ग्रॅम पुरतो. वाफ्यात वीतभर अंतरावर चार ओळी काढा. मेथी रात्रभर भिजवा. धणे चपलेने किंवा विटेने हलके रगडून दोन दळं करा, अख्खा धणा उशिरा उगवतो. माठाचं बी मोहरीपेक्षाही बारीक. ते तसंच टाकलं तर एकाच जागी ढीग होतो, म्हणून दोन मुठी कोरड्या राखेत कालवून ओळीत सोडा. राखेने मुंग्याही थोड्या आवरतात. शाळांमधून सर्वांत जास्त बी फुकट जातं ते खोल पेरल्यामुळे. मुलांना नियम द्या: बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट माती वर. माठावर तर माती भुरभुरवली तरी बस. आणि तांब्याने धार धरून पाणी घातलं की बी वाहून वाफ्याच्या टोकाला जमतं. जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने वीस-पंचवीस भोकं पाडून झारी करा.

लाल भोपळा मुद्दाम सांगितला. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मुलं घरी गेलेली असतात. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि सकाळची शाळा असेल तर मुलांना ते उमललेलं दिसतं. ज्या फुलाच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा असतो ते मादीफूल. ज्याचं देठ नुसतं लांब, ते नरफूल. सुरुवातीला नुसती नरफुलंच येतात आणि गळतात, तेव्हा मुलं घाबरून विचारतात. पाचवीतल्या मुलाला नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातला पराग मादीफुलाच्या मध्यावर टेकवायला सांगा. फळ धरलं की त्या देठाला त्या मुलाच्या नावाची चिंधी बांधा. पिकलेला भोपळा देठासकट ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो, त्यामुळे तो पालेभाजी नसलेल्या आठवड्यांतही कामाला येतो.

शेळ्यांसाठी अडुळसा आणि निरगुडीचं दाट कुंपण करा. दोन्ही फांद्या टोचून लागतात आणि शेळी त्यांना तोंड लावत नाही. ते वाढेपर्यंत बाभळीच्या, बोरीच्या काट्या.

फवारणीबाबत दोन गोष्टी ठामपणे सांगायच्या आहेत. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेलं कीडनाशक, शाळेत करू नका. त्यात धोतरा, कण्हेर, रुई असा विषारी पाला पडतो. मुलांच्या हातांनी तो तोडायचा, कुटायचा, ढवळायचा, हे चालणार नाही. मावा दिसला तर शेंडे खुडा, पाण्याची जोरदार धार मारा; तेवढ्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, साबणाचा छोटा तुकडा विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. दुसरी गोष्ट जीवामृताची, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेल्या पातळ खताची. गूळ आणि बेसन विकत आणून जमिनीत घालण्याआधी विचार करा. पाच वाफ्यांना चांगलं शेणखत पुरतं. तो गूळ आणि ते बेसन मुलांच्या लाडवात जाऊ द्या. शिवाय ताज्या शेणाचं पाणी पालेभाजीवर शिंपडणं आरोग्याला बरं नाही.

आरोग्याचंच म्हणाल तर, बागेत अनवाणी काम नको. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरते, आतड्यात रक्त शोषते, आणि मग कितीही पालेभाजी खाल्ली तरी मूल पांढरंफटकच राहतं. पायात चपला, काम झाल्यावर साबणाने हात, नखं कापलेली. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली जंतनाशक गोळी प्रत्येक मुलाने तुमच्यासमोर घेतली पाहिजे. याकडे दुर्लक्ष करून पोषणाची बाग करण्यात अर्थ नाही.

आता ताटाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. पानं मुलं वेचून काढतात, कारण ती तशीच असतात: मोठी चिरलेली, देठासकट, तांदळाबरोबर अर्धा तास शिजून काळपट, बुळबुळीत झालेली. स्वयंपाकीताईंशी बसून एवढं ठरवा. पाला बारीक चिरायचा. लसूण-कांद्याच्या फोडणीत वेगळा परतायचा. खिचडी उतरवायच्या आधी पाच मिनिटं त्यात ढवळायचा. तेल कमी करायचं नाही. हिरव्या आणि पिवळ्या भाज्यांतलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य तेलाबरोबरच अंगी लागतं. शेवग्याचा पाला घालताना मधली काडी आणि बारीक दांड्याही काढा, त्या घशाला टोचतात आणि एकदा टोचलं की मूल पुन्हा खात नाही. सुरुवात मुलामागे १० ग्रॅम पाल्यापासून, म्हणजे ५२ मुलांना अर्धा किलो. आणि पातेलं उतरवल्यावर ताटात लिंबाची चौथाई फोड. हिरव्या पानांतलं लोह शरीर फार थोडं शोषतं, सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त. पण लिंबू पातेल्यात टाकून उकळलं तर ते बरंचसं नष्ट होतं. आवळ्याच्या दिवसांत आवळ्याची चकती चालेल.

पाला वाटून डाळीत दडवण्याचा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. आम्हाला तो पटत नाही. दडवलेली भाजी मूल ओळखत नाही, आणि ओळखत नाही ती घरी मागत नाही. त्यापेक्षा वर्गाचा एकच नियम ठेवा: पहिला एक घास सगळ्यांनी, शिक्षकांनीही. पुढचं खायचं की नाही ज्याचं त्याने ठरवायचं. रागवायचं नाही, लाडीगोडी नाही, ‘बघा हिने कसं संपवलं’ असंही नाही. नवीन चव अंगवळणी पडायला मुलांना आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते. दर आठवड्याला एक दिवस धरला तर दिवाळीपर्यंत थोडाफार फरक दिसेल, संक्रांतीपर्यंत बराच. ज्याने तो वाफा राखला त्या गटाने त्या दिवशी भाजी निवडायची आणि वाढायची. मुलगे आणि मुली दोघांनीही. विळीवर मात्र मोठं माणूसच.

तक्ता भिंतीवरून उतरवायची गरज नाही, पण धडा ताटाजवळच घ्या. काढणीच्या दिवशी भाजी तागडीत तोला आणि फळ्यावर लिहा: ‘वाफा ३, पालक २ किलो ३०० ग्रॅम. मुलं ५२. वाट्याला ४४ ग्रॅम. हवी ५० ग्रॅम. किती कमी पडली?’ तिसरीच्या मुलाला भागाकार इथे कळतो आणि पोषणाचं प्रमाणही. बाजरी आणि नाचणी यांना पुस्तकातल्या दुधा-पालकाच्या खाली बसवू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास. बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, पॉलिश केलेल्या तांदळात एकाहून कमी. घरची भाकर हे गरिबीचं लक्षण वाटायला लागलेल्या मुलाला हे आकडे कळले पाहिजेत.

एक गोष्ट अजिबात करू नका: ‘काल घरी काय खाल्लंस?’ असं वर्गासमोर विचारणं. ज्याच्या घरी काल मीठ-भाकर होती ते मूल खोटं बोलायला शिकेल. त्याऐवजी तीन डबे ठेवा: डाळ-कडधान्य-अंडं, हिरवी किंवा पिवळी भाजी, फळ. सकाळी येताना प्रत्येकाने जे खाल्लं असेल त्या डब्यात घेवड्याचा एक दाणा टाकायचा. कोणी टाकला, किती टाकले, कुणाला कळत नाही. शनिवारी दाणे मोजून फळ्यावर स्तंभालेख. भाजीचा डबा कुठल्या महिन्यात रिकामा राहतो ते तुम्हालाही दिसेल.

पावसाळ्यात वाफे रिकामे असतात तेव्हा रानाचा आधार घ्या: कुर्डू, टाकळा, फोडशी, कर्टोली. जुलैत एखाद्या आजीला शाळेत बोलवा. ओळख तिने करून द्यायची, आणि मुलांचा नियम कडक: मोठ्या माणसाने दाखवल्याशिवाय काही खुडायचं नाही, तोंडात घालायचं नाही. शेवळासारखी रानभाजी काकडाच्या (हे रानातलं आंबट फळ) किंवा चिंचेच्या आंबटाशिवाय शिजवली तर घसा खवखवून सुजतो, हे आजीला माहीत असतं, पुस्तकात नसतं. मुलांच्या घरी सकाळी जेवणाबरोबरच चहा होत असेल तर तो तासभर मागे-पुढे करायलाही याच वेळी आयांना सांगा. चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

त्या पालकांना काय सांगायचं? बागेला रोज वीस मिनिटं, गटागटाने, त्याहून जास्त नाही. बागेचं काम कधीही शिक्षा म्हणून द्यायचं नाही. आणि त्यांना एकदा भाजीच्या दिवशी बोलवा, मुलाला तागडीवर ४४ ग्रॅमचा हिशोब करताना बघू द्या. त्यांचा आक्षेप खरा आहे. त्यांनी शेतीत कष्टच पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बागेचं बियाणं सांभाळायला द्या.

मार्चच्या मध्यानंतर नवा पालेभाजीचा वाफा पेरू नका, एप्रिलअखेर सगळे मोकळे करून आच्छादनाखाली ठेवा. सुट्टीत जगवायची ती फक्त झाडं. प्रत्येक पपई-शेवग्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला, तोंडावर झाकण. चार-पाच दिवसांनी एकदा भरलं तरी चालतं. शाळेजवळ राहणारी दोन घरं ठरवून पाळ्या लावा आणि घेवड्याच्या पहिल्या बहरातल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळवून, राखेत घालून, तारीख लिहून जूनसाठी ठेवा.